कुसुमराव ससाण्यांकडे गेला

फुनाबोरी, तोक्यो
२९ नोव्हेंबर

प्रिय नाना,

साष्टांग नमस्कार. आमच्या बैठकीच्या खोलीत साष्टांग घालायचा तर पाय बाल्कनीत जातात, तेव्हा निम्मा आतून आणि निम्मा बाहेरून केला असं समजा. केदार, तन्वी आणि मी, तिघंही बरे आहोत. थंडी सुरू झाली. तन्वीची उंची आता माझ्या कानापर्यंत आली आहे आणि ती ते रोज मोजून दाखवते.

सिंधूकाकूंनाही नमस्कार, कारण तुमच्या डोळ्यांचं होईपर्यंत माझी पत्रं त्याच वाचून दाखवणार. काकू, नाना मध्येच "पुढे, पुढे" म्हणाले तरी ओळ गाळू नका. आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नक्की कधी आहे ते मला कळवा. नाना कळवणार नाहीत.

आता बातमी. वाईट आहे. कुसुमराव ससाण्यांकडे गेला.

काकूंना यातलं काही कळणार नाही म्हणून थोडं सांगते. तीन वर्षांपूर्वी नाना इथे आले होते तेव्हा आमच्या शेजारच्या होसोकावा-सान त्यांना बेसबॉलला घेऊन गेल्या. या बाई सत्तरीच्या, एकट्या राहतात, आणि आमच्या भागातल्या हेरन्स या टीमच्या भक्त आहेत. हेरन म्हणजे बगळा, म्हणून नानांनी टीमचं नाव बगळे ठेवलं. बगळ्यांचा मुख्य पिचर, म्हणजे आपला बोलर, नाओतो कुझुमी. हे नाव नानांच्या जिभेवर बसेना, तेव्हा तो कुसुमराव झाला. होसोकावा-सानही आता त्याला "कुसुमुराओ" म्हणतात.

आठवतंय का, नाना, त्या दिवशी तुम्ही परत आलात ते घसा बसवून? आठवडाभर बँक आणि रविवारी पंचगिरी. खिशात सहा खडे, अंगात पांढरा कोट, आणि सांगलीतला कुठलाही संघ जिंकला तरी चेहरा तोच. हळदीचं दूध पिताना तुम्ही म्हणाला होतात, "जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी बाजूने ओरडलो." मला तुमचा तो चेहरा अजून दिसतो. म्हणून तर ही बातमी लिहायला मला चार दिवस लागले.

इथे एका टीमकडून ठरावीक वर्षं खेळलं की खेळाडूला हवं तिथे जाता येतं. तो अमेरिकेला गेला असता तर लोकांनी विमानतळावर जाऊन निरोप दिला असता. पण तो गेला खाडीपलीकडच्या फाल्कन्सकडे, म्हणजे तुमच्या ससाण्यांकडे. संध्याकाळी बातमी आली आणि होसोकावा-साननी बाल्कनीतला त्याच्या नावाचा टॉवेल काढला. गेली दहा वर्षं पाऊस सोडला तर तो टॉवेल तिथेच होता. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या वेळेला त्या खाली आल्या नाहीत. प्लास्टिकचा वार त्यांनी चुकवला, हे या इमारतीत कुणाला खरं वाटेना. स्टेशनजवळच्या न्हाव्याने आरशावरचा कुझुमीचा फोटो भिंतीकडे तोंड करून लावला आहे. काढून टाकायचं त्याच्याने होत नाही.

केदार म्हणाला, "कॉन्ट्रॅक्ट संपलं, दुसरीकडे चांगलं मिळालं, गेला. आमच्या ऑफिसात दर महिन्याला एक जण जातो, कुणी टॉवेल काढत नाही." तन्वी त्याच्याशी दिवसभर बोलली नाही.

तुम्ही मनाला फार लावून घेऊ नका. तोही माणूसच आहे.

तुमच्या पत्राचा शेवट या वेळीही तोच होता, "आपल्या कृष्णेचं कधी बघणार?" पाणी आपल्या जिन्याच्या वळणापर्यंत चढलं होतं त्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, शीक, आणि येऊन आपल्या नदीचं बघ. मी पुराचंच शिकले. या वेळी एवढंच लिहिते की प्रश्न वाचला. इथे माझं एक काम चालू आहे, त्यासाठी एका सरकारी कचेरीत हेलपाटे घालते आहे. नक्की झालं की सविस्तर कळवीन.

थेंब वेळेवर घाला.

तुमची
अश्लेषा


फुनाबोरी
४ जानेवारी

प्रिय नाना,

नव्या वर्षाचा नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. अक्षर काकूंचं, पण रागावणं तुमचंच.

"त्याचं नाव या घरात काढू नये." एवढं वाचून मी हसले. मग पुढचं वाचलं आणि हसू गेलं. बगळ्याची टोपी तुम्ही दूधवाल्याला देऊन टाकलीत? तीन वर्षं ती घालून तुम्ही आमराईत फिरायला जात होतात. लोक विचारायचे हा कुठला पक्ष, आणि तुम्ही उभं राहून सांगायचात.

नाना, एक विचारू का? तुम्ही पंच होतात. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय बोट वर करत नव्हतात. या माणसाची बाजू तुम्ही ऐकली आहे का? त्याची पत्रकार परिषद मी पूर्ण पाहिली. तो म्हणाला, "दर वर्षी हिवाळा आला की मला वाटायचं, पुढच्या वर्षी मी कुठे असेन. बायको विचारायची कुठलं शहर, मी सांगू शकायचो नाही." बगळ्यांनी त्याच्याशी कधी एका वर्षापेक्षा जास्त करार केला नाही. ससाण्यांनी पाच वर्षांचा केला. याला तुम्ही बेईमानी म्हणता. ज्याने दहा वर्षं हात दुखेपर्यंत चेंडू टाकला, त्याने कायमची जागा मागितली तर बेईमान होतो का? त्याने काय जन्मभर हेच म्हणत राहायचं, की बघू पुढच्या मार्चमध्ये?

फार झालं. पिचरसाठी एवढं कोण भांडतं. केदार मागून वाचतो आहे आणि म्हणतो आहे की मार्च नाही, नोव्हेंबर. मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट बदलतं, बेसबॉलवाल्यांचं नाही. चुकून लिहिलं गेलं.

दुसरी गोष्ट. एक तारखेला आपण फोनवर बोललो, तेव्हा तुमच्या बाजूला आवाज नीट येत होता का? तुम्ही शेजारच्या जयेशच्या फोनसमोर बसला होतात, मागे काकू, जयेशची बायको, आणि कोण कोण. आमच्याकडे तेवढ्यात होसोकावा-सान डबा घेऊन आल्या. इथे आनंदाच्या प्रसंगी चवळीसारखे लाल दाणे घालून चिकट भात करतात आणि शेजारी देतात. त्या डबा घेऊन सरळ कॅमेऱ्यासमोर आल्या, तुम्हाला वाकून नमस्कार केला आणि काहीतरी म्हणाल्या. तन्वीने ते तुम्हाला मराठीत सांगितलं. तिची ती सवय आहे. कुणी काही बोललं की दुसऱ्या भाषेत सांगून मोकळी होते, आपण काय सांगतोय याचा विचार न करता.

तुम्ही म्हणालात, "भात लाल कसा झाला?" मग चित्र अडकलं आणि फोन बंद पडला. मी पुन्हा लावला तेव्हा जयेश म्हणाला, नाना झोपायला गेले. तुमच्याकडे सकाळचे अकरा वाजले होते.

तन्वी काय म्हणाली ते तुम्हाला ऐकू आलं का? तन्वी म्हणते, आजोबांनी ऐकलं. केदार म्हणतो, नानांना पलीकडच्या खोलीतला कुकर ऐकू येत नाही, हे काय ऐकणार. आलं नसेल तर काही बिघडत नाही. भाताबद्दलच होतं.

काकू, ऑपरेशन झालं की केदारच्या फोनवर दोन शब्द टाका. चष्म्याची तारीख कळली की तीही.

उत्तराची वाट पाहते. या वेळी जरा लवकर.

तुमची
अश्लेषा


फुनाबोरी
३ फेब्रुवारी

प्रिय नाना,

नमस्कार. महिना झाला, तुमचं पत्र नाही. काकूंचा मेसेज आला की चष्मा आला आणि तुम्ही पंचांगातले बारीक आकडे वाचून दाखवून सगळ्यांना हैराण केलं आहे. म्हणजे आता तुम्ही स्वतः वाचू शकता. काकू, तुम्ही वाचत असाल तर कृपा करून इथे थांबा आणि पत्र नानांच्या हातात द्या.

आज इथे दाणे फेकून भुताला घराबाहेर काढण्याचा दिवस. तन्वीने बापाला भूत केलं. सगळ्या घरात भाजलेले सोयाबीन झाले आहेत. केरसुणी घेण्याआधी हे लिहायला बसले, नाहीतर आजही राहील.

तन्वी त्या दिवशी भाताबद्दल बोलली नव्हती. तिने तुम्हाला सांगितलं होतं, "आजोबा, होसोकावा-सान म्हणतात अभिनंदन. आई आता जपानी होणार."

होसोकावा-सानची यात चूक नाही. अर्जासाठी मला हाताने एक पानभर निबंध लिहायचा होता, जपानी नागरिकत्व का हवं म्हणून. तो त्यांनी तपासून दिला. आईवडिलांना न सांगता कुणी असं पान लिहीत असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना वाटलं, घरात सणाचं वातावरण असणार, म्हणून भात केला.

तर ते असं आहे. मी अर्ज केला आहे. फक्त मी. केदार त्याचा पासपोर्ट ठेवतो आहे आणि तन्वी मोठी झाली की तिचं ती ठरवेल. आपल्या देशाला दोन नागरिकत्वं चालत नाहीत, तेव्हा माझं मंजूर झालं की जुना पासपोर्ट परत द्यावा लागेल. भारतात यायला माझ्याकडे वेगळं कार्ड असेल. मी येऊ शकेन. केव्हाही. पण तुमच्या देशाची म्हणून येणार नाही.

कारण सांगते. मी जिथे काम करते तिथे अकरा वर्षं मला एकेका वर्षाच्या कराराने घेतात. पाऊस किती पडला की आराकावा नदी कुठे फुटेल, कुठली वस्ती कधी हलवायची, हे आकडे मी काढते. पण "आता हलवा" हे सांगणाऱ्या टेबलावर मी बसू शकत नाही. त्या जागा नागरिकांसाठी आहेत. आम्ही राहतो तो भाग समुद्रापेक्षा खाली आहे, नाना. गेल्या वर्षी वादळात माझे आकडे वर गेले आणि मी बाहेरच्या खोलीत बसून राहिले, आत काय ठरतं आहे याची वाट बघत. आता तशी कायमची जागा निघते आहे. साहेब म्हणाले, नागरिकत्व झालं तर ती तुमची.

हे कारण खरं आहे आणि निबंधात मी हेच लिहिलं. पण तुम्हाला एवढंच सांगितलं तर वाटेल की मला कुणी भाग पाडलं. तसं नाही. परत यायला मला कुणी अडवलेलं नाही. तुम्ही पाठवलेली जाहिरातींची कात्रणं मी वाचत होते आणि बाजूला ठेवत होते. मला इथे राहायचं आहे. ही नदी मला आवडते. गेले दोन महिने मी पिचरबद्दल लिहिते आहे, पण खरं हे वाक्य लिहायचं होतं.

कृष्णा मी सोडली असं तुम्हाला वाटेल. एवढंच सांगते की पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मी आधी आपल्या आयर्विन पुलाखालच्या पाण्याची पातळी बघते आणि मग आराकावाची. हे केदारलाही माहीत नाही.

आता ज्यासाठी घाईने लिहिते आहे ते. फेब्रुवारीच्या शेवटी माझी मुलाखत आहे. अर्जात नातेवाइकांची माहिती द्यायची असते आणि प्रत्येकाच्या नावापुढे विचारतात, यांचं या बाबतीत मत काय. सहमत, विरोध, किंवा विशेष मत नाही. आईचं नाव लिहिलं आणि पुढे दिवंगत लिहिलं. केदारच्या नावापुढे सहमत लिहिलं. तुमच्या नावापुढची जागा मी मोकळी सोडली. तिथल्या माणसाने बोट ठेवून विचारलं तेव्हा मी म्हणाले, अजून बोलणं झालेलं नाही. तो नवल करून बघत राहिला आणि म्हणाला, मुलाखतीपर्यंत विचारून या.

"विशेष मत नाही" असं लिहून टाक, असं केदार म्हणतो. पंचाला शोभेल, म्हणतो. मी ते लिहू शकत नाही, कारण ते खोटं आहे. महिनाभर तुमचं पत्र नाही यावरूनच ते खोटं आहे.

तुम्ही विरोध म्हणालात तर सरकार माझा अर्ज फेटाळेल असं नाही. त्यांना फक्त माहीत हवं असतं. पण मी काय करीन ते मला माहीत नाही. रात्री ठरवते की तरीही जाईन, आणि सकाळी चहा करताना वाटतं, अर्ज मागे घ्यावा. दोन्ही वेळा मी अगदी खरी असते.

एक गमतीची गोष्ट लिहून संपवते, नाहीतर पत्र फार जड होईल. मोठा खेळाडू दुसऱ्या टीमकडे गेला की त्याच्या बदल्यात त्या टीमचा एक खेळाडू पहिल्या टीमला मिळतो, असा इथे नियम आहे. त्या खेळाडूला कुणी विचारत नाही. कुसुमरावच्या बदल्यात बगळ्यांना इशिमोरी नावाचा बावीस वर्षांचा पोरगा मिळाला. फोटोत तो रडवेला दिसत होता. महिनाभर घरात बसलेल्या होसोकावा-सान त्या दिवशी बाहेर पडल्या आणि त्याच्या नावाचा टॉवेल छापून आणला. मी म्हणाले, तो कसा खेळतो ते तरी बघा आधी. त्या म्हणाल्या, "तो स्वतःहून आलेला नाही. त्याला जरा जास्त मोठ्याने हाक मारायला पाहिजे."

नाना, पत्र लिहा. रागाचं असलं तरी लिहा. तुम्ही काहीच लिहिलं नाहीत तर त्या मोकळ्या जागेत मी काय भरू?

वाट पाहणारी
अश्लेषा


फुनाबोरी
७ एप्रिल

प्रिय नाना,

नमस्कार. तुमचं पत्र मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी आलं. तेव्हा मी तुम्हाला दोन ओळींचं कार्ड पाठवलं, पोचलं, मिळालं, एवढंच. त्यापुढे हात चालला नाही. आज सविस्तर लिहिते.

तुमचं स्वतःचं अक्षर मी पाच महिन्यांनी पाहिलं. नव्या चष्म्यामुळे ते मोठं झालं आहे, ओळी वर चढतात. ते पत्र मला आता पाठ आहे. "त्या दिवशी मी ऐकलं. कान अजून एवढे गेलेले नाहीत. खोलीत सगळे होते म्हणून भाताचा रंग विचारला. दुसरं काय विचारणार होतो?"

म्हणजे जानेवारीभर तुम्हाला माहीत होतं, आणि मी तुम्हाला लिहीत होते की भाताबद्दलच होतं. ते वाक्य काकूंनी मोठ्याने वाचलं असेल तेव्हा तुम्ही काय केलंत? हे मला कधी सांगू नका.

आणि मग ते पुढचं. "'विशेष मत नाही' असं लिहू नकोस. पंच होतो तेव्हा मला मत नव्हतं. आता आहे. विरोध लिही. आणि मुलाखतीला वेळेवर जा."

मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. केदारला दिलं. तो म्हणाला, याचा अर्थ काय, जा की जाऊ नको? मी म्हणाले, दोन्ही. तो म्हणाला, असं कसं असेल? तन्वी आतून ओरडली, "असं असतं, बाबा." बारा वर्षांची आहे.

मुलाखत घेणारा तरुण होता, टायची गाठ अगदी घट्ट. पासपोर्ट, कामाचे कागद, शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत, सगळं विचारून झालं. मग तुमच्या नावावर आला. मी म्हणाले, विरोध. त्याने मान वर केली आणि कारण विचारलं. मी म्हणाले, "मी त्यांच्या नदीवर काम करावं असं त्यांना वाटतं." मला वाटलं, आता माझ्या निष्ठेबद्दल काहीतरी विचारणार. त्याने विचारलं, "कोणती नदी?" मी सांगितलं. त्याने स्पेलिंग विचारलं, त्यांच्या लिपीत हळूहळू लिहिलं, आणि कागद माझ्याकडे फिरवून विचारलं की बरोबर आहे का. जपानी सरकारच्या फायलीत कृष्णेचं नाव आहे, नाना. ते तुमच्या विरोधाच्या खाली आहे.

निकालाला वर्ष लागेल, कदाचित जास्त. तोपर्यंत मी तुमच्याच देशाची आहे. रोज टपालपेटी उघडते आणि काही आलेलं नसलं की बरं वाटतं. असं का वाटावं ते मला कळत नाही. या मार्चमध्ये पुन्हा एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट झालं.

काल होसोकावा-सान मला आणि तन्वीला मॅचला घेऊन गेल्या. बगळ्यांच्या मैदानावर ससाणे, आणि पिचर कुसुमराव. मला जायचं नव्हतं. आपलेच लोक त्याला काय करतात ते बघण्याची भीती वाटत होती. बाईंच्या पिशवीत इशिमोरीचा नवा टॉवेल होता, आणि खाली, घडी घालून, जुना.

त्याचं नाव पुकारलं आणि आमच्या बाजूचे सगळे लोक ओरडू लागले. हे लोक एरवी आगगाडीत फोनवर बोलत नाहीत. न्हावी आमच्या पुढच्या रांगेत होता, तोही. आणि होसोकावा-सान, ज्या लिफ्टमध्ये कुजबुजतात, त्या दोन्ही हात तोंडाशी धरून त्याच्या नावाने ओरडत होत्या. मान लाल झाली. तो टोपी काढून आमच्या बाजूला वाकला, तसा आवाज आणखी वाढला. मध्ये जरा शांत झाल्यावर मी त्यांना विचारलं, अजून एवढा राग आहे का?

त्या म्हणाल्या, "दहा वर्षं याच्यासाठी ओरडले. आज गप्प बसले तर त्याला वाटेल, मी आलेच नाही."

मी तन्वीकडे पाहिलं, ती हे तुमच्यासाठी मराठीत सांगायला लागली होती, तुम्ही तिथे नसताना. सवयीने.

इशिमोरीने एक चेंडू बऱ्यापैकी मारला, बाकी वेळा बाद झाला. त्याच्यासाठी सगळे उभं राहून गायले. आपण हरलो. सातव्या डावात कुसुमरावला आत बोलावलं तेव्हा तो पायऱ्या उतरेपर्यंत होसोकावा-साननी जुना टॉवेल पिशवीतून काढला, मांडीवर ठेवला, उलगडला नाही, आणि पुन्हा आत ठेवला.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. "बगळ्यांना बदली खेळाडू मिळाला. माझ्या बदली खेळाडूचं काय? होसोकावाबाई येत नसतील तर तन्वीला सुट्टीत पाठव. पुलावर उभी करून पाणी वाचायला शिकवतो." मी होसोकावा-सानना विचारलं. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, उन्हाळ्यात नाही जमणार, सीझन चालू असतो.

तन्वीला मात्र नियमाप्रमाणे न विचारता पाठवणार नव्हते. विचारलं. तिने जपानीतच उत्तर दिलं, जाणार म्हणून. मग मराठीत म्हणाली, "पण आजोबांशी मी जोरात बोलणार नाही. त्यांना ऐकू येतं." दूधवाला टोपी परत द्यायला तयार नाही असं काकूंनी कळवलं आहे, तेव्हा ती नवी घेऊन येते आहे. कुठल्या टीमची ते तिने सांगितलेलं नाही.

तिची सुट्टी जुलैच्या शेवटी लागते. म्हणजे ऐन पुराच्या दिवसांत ती तुमच्याकडे असेल. जन्मभर पुराचे आकडे काढणारी बाई आपली मुलगी त्याच आठवड्यांत सांगलीला पाठवते आहे, हे ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. पुलावर तिला जरूर न्या. पण पाणी चाळीस फुटांच्या इशाऱ्याला पोचलं की माझ्या फोनची वाट न बघता तिला घेऊन जयेशच्या वरच्या मजल्यावर जा. पंचेचाळीसपर्यंत थांबू नका. तुम्ही थांबता, मला माहीत आहे.

माझा फोन येईलच. तेव्हा इथे किती वाजलेत ते विचारू नका.

तुमचा विरोध जपून ठेवला आहे.

दोन्ही नद्यांवर लक्ष ठेवून असलेली,
तुमची
अश्लेषा